उभयपक्षी मान्य

डुलुथला, तिसऱ्या मजल्यावर, सरोवराकडे पाठ करून
माझं टेबल आहे. एकोणीस वर्षं झाली.
सध्याची जाड फाइल: टिक्कानेन विरुद्ध ब्रॅनवोल्ड.
उतारावरची भिंत खचली,
खालची लाकडी होडी चेपली.
भिंत कुणाची, यावर वाद.
पाणी कुणाच्या अंगणातून आलं, यावर वाद.
होडीला आधीपासूनच भोक होतं का,
यावर साडेतीनशे पानं.

त्या पानांत दोघांना मान्य असलेलं
एकच वाक्य आहे, आणि ते मी टाइप करते:
‘उभय पक्षांत, आपापल्या वकिलांमार्फत,
असं ठरलं आहे की मुदत वाढवावी.’
खाली दोन रेघा. दोन सह्या. शेजारी शेजारी.

(माझ्या घटस्फोटात आम्ही
एवढ्या एका वाक्यावरही भेटलो नाही.
तारखा जशा पडल्या तशा पडल्या.)

पहिल्यांदा चौदा दिवस.
समोरच्या वुओरिनेन वकिलांच्या तळघरात पाणी शिरलं,
फाइली दोरीवर वाळत घातल्यात म्हणाले.
पाण्याच्या खटल्यात पाणी!
आमच्या ऑस्बीबाई फोन ठेवेपर्यंत हसल्या नाहीत.

दुसऱ्यांदा आम्हीच मागितले, एकवीस.
बाईंची मुलगी थंडर बेला अडली होती,
दिवस भरायच्या आतच.
वुओरिनेननी कागद तासाभरात सही करून पाठवला,
ईमेलच्या तळाशी एक ओळ:
रस्त्यावर हरणं आहेत, सावकाश जा.

तिसऱ्यांदा त्यांचा फोन आला, जानेवारीत.
‘तीस दिवस,’ म्हणाले,
आणि पुढे काहीच नाही.
फोनमधून नुसता हीटरचा आवाज.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
‘तीस पुरतील का, क्लेटन?’

मी लिहिलं: योग्य कारणास्तव.
या दोन शब्दांच्या आत कोण झोपलंय,
कुठल्या वॉर्डात, कितव्या सलाईनवर,
ते न्यायालय विचारत नाही,
बाईंनी विचारलं नाही,
मीही जोडाक्षरं तपासून पुढे सरकले.

टिक्कानेन आले. टोपीसुद्धा काढली नाही.
‘त्याला वेळ दिलीत? माझ्या पैशानं?’
‘आपण अडलो असतो तरी
न्यायाधीशबाईंनी दिलीच असती,’ बाई म्हणाल्या,
‘आणि कोण अडलं ते त्यांच्या लक्षात राहिलं असतं.’
हे खरं होतं.
पूर्ण नव्हतं.
टिक्कानेन खिडकीतून गोठलेल्या पाण्याकडे बघत राहिले,
मग पार्किंगचे सुटे पैसे आहेत का विचारलं.

कागद परत आला.
आमचे टाइप केलेले ‘तीस’ खोडलेले,
वर निळ्या शाईत, हाताने: बारा.
आणि: ही शेवटची.
दोघांनी मिळून मागितलेलं
दोघांना मिळून नाकारलं,
तेव्हा पहिल्यांदा ते एका बाजूला बसल्यासारखे वाटले.

मी कॅलेंडर काढलं.
बारावा दिवस शनिवार.
नियम असा, की शेवटचा दिवस सुट्टीचा आला
तर पुढचा कामाचा दिवस धरावा.
सोमवारी राष्ट्राध्यक्षांची सुट्टी.
म्हणजे मंगळवार.
तीन दिवस असेच मिळाले,
कुणाच्या सहीशिवाय, कुणाच्या कारणाशिवाय.
मी ते मोजून पुन्हा मोजले
आणि वुओरिनेनच्या ऑफिसात फोन करून सांगितले.
सांगायची माझी काही गरज नव्हती.

मंगळवारी रात्री अकरा एकोणपन्नासला
त्यांचं उत्तर दाखल झालं.
नवव्या पानावर भलत्याच खटल्याचं नाव:
कुठल्या तरी जुन्या कागदावरून उचललेलं,
अंगात त्राण नसताना राहून गेलेलं.
कुणीही त्यावर एक झोंबरा परिच्छेद लिहिला असता.
बाईंनी पेन्सिलीने गोल केला,
बघितला,
मग खोडरबर मागितलं.

भिंत अजून तशीच आहे.
होडी बर्फाखाली,
दोन्ही बाजूंचा पुरावा क्रमांक चार.
पुढची तारीख मे महिन्यात, आणि खटला आम्हालाच जिंकायचाय,
यात काडीचा बदल नाही.

तरी मी एक मसुदा तयार ठेवलाय.
नावं घातलीत, रेघा मारल्यात.
दिवसांचा आकडा तेवढा
घालायचा बाकी आहे.